खोक्याची मोटार आणि किनाऱ्याची वाट

महिंद्र अँड महिंद्र कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये 'टीयूव्ही ३००' ही मोटार बाजारात आणली, तेव्हा तिचे रूप रणगाड्यावरून सुचले असल्याचे कंपनीने अभिमानाने सांगितले होते. चार मीटरांच्या आत बसविलेली लांबी, जवळजवळ उभ्या काचा, सपाट टप, रुंद आडवे नाक आणि काटकोनात खाली उतरणारी पाठ असा तिचा एकंदर थाट होता. ज्यांना ती आवडली त्यांना तिच्यात जुन्या जीपचा रांगडेपणा दिसला. ज्यांना आवडली नाही त्यांनी तिला चाकांवरचे खोके म्हटले. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे भारत-६ निकष लागू झाले आणि ही मोटार बाजारातून गेली. जुलै २०२१ मध्ये ती 'बोलेरो निओ' या नावाने परतली. इंजिन नव्या निकषांना उतरविले होते, नाकाची धार मऊ केली होती आणि २००० सालापासून खेड्यापाड्यांत विश्वास कमावलेल्या बोलेरोचे नाव तिला दिले होते. उंच बसण्याची रीत आणि पाठीमागचा चौकोन मात्र जवळजवळ तसाच राहिला. खोके तेच ठेवून त्याला नवे नाव आणि सौम्य चेहरा द्यावा असे निर्मात्यांना वाटले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मोटार उपयोगाची असावी की देखणी, हा वाद बहुधा शहरातील दालनांत, झगझगीत दिव्यांखाली आणि गुळगुळीत फरशीवर उभ्या केलेल्या मोटारीकडे पाहून मिटविला जातो. तेथे डोळा हाच एकमेव पंच असतो. तोच खटला रायगडच्या किनाऱ्यावर चालविला, तर साक्षीदार बदलतात. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या गावांत मोटार ही हौसेची वस्तू आहेच. परंतु तीच मोटार प्रसंगी मालवाहू टेंपो होते, रुग्णवाहिका होते आणि वरातीची गाडीही होते. कुटुंबाने पाच-सात वर्षे हप्ते फेडून घेतलेली ही एकच मोटार असते. तिचे रूप चुकले तर मन खट्टू होईल. तिचे माप चुकले तर मात्र ते पुढली अनेक वर्षे रोज जाणवत राहील. म्हणूनच हा वाद येथल्या वाटेवर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याने पाडलेला साचा

ही चौकोनी मोटार कोणा रसिकाच्या लहरीतून जन्मलेली नाही. तिचे माप प्रथम अर्थखात्याने घेतले. फेब्रुवारी २००६ मध्ये अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान मोटार कोणती, याची व्याख्याही करण्यात आली. लांबी ४ मीटरांपेक्षा अधिक नको. पेट्रोलचे इंजिन १२०० घन सेंटिमीटरांपेक्षा आणि डिझेलचे १५०० घन सेंटिमीटरांपेक्षा मोठे नको. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून ती अधिकच ठळक झाली आहे. विजेवरील मोटारी सोडल्या, तर रेघेच्या अलीकडील मोटारीवर १८ टक्के आणि पलीकडील मोटारीवर ४० टक्के कर पडतो. एवढी तफावत असताना कोणता निर्माता चार मीटरांचा उंबरठा सहजी ओलांडील?

लांबीला असे कुलूप लागले की आरेखनकारापुढे फार थोडे मार्ग उरतात. पुढचा एक मीटरभर भाग इंजिन घेते. उरलेल्या जागेत पाच माणसे, त्यांचे पाय आणि त्यांचे सामान बसवावयाचे असते. आरामखुर्चीत रेललेल्या माणसाचे पाय पुढे पसरतात आणि तो जमीन अधिक व्यापतो. साध्या खुर्चीत ताठ बसलेला माणूस तेवढ्याच जागेत मागच्याचीही सोय करतो. म्हणून बसणी उंच करावयाच्या, माणसे ताठ बसवावयाची आणि टप वर न्यावयाचा. मागची काच उतरती ठेवली तर बाहेरून डौल येतो, पण त्या उताराखालची सामानाची जागा जाते. पाठ उभी ठेवली की ती जागा परत मिळते. असे एकेक पाऊल टाकत गेले की शेवटी हाती येते ते खोकेच.

जपानात हाच अनुभव आधी आलेला होता. तेथे ठरावीक मापाच्या आणि ठरावीक शक्तीच्या चिमुकल्या मोटारींना सरकारने करात सवलती दिल्या. लांबी आणि रुंदी दोन्ही बांधलेल्या असल्यामुळे वाढावयास आकाशाचीच दिशा मोकळी होती. सुझुकीने १९९३ मध्ये तेथे आणलेली 'वॅगन आर' ही त्या विचाराची गाजलेली संतती. १९९९ च्या अखेरीस ती मारुतीच्या नावाने भारतात आली. तिच्या वर्षभर आधी, १९९८ मध्ये, ह्युंदाईची उंच टपाची 'सँट्रो' आलेली होती. दोहोंच्या आखूड आणि उंच बांध्याची सुरुवातीस थट्टा झाली. पुढे त्यांत वडीलधारी माणसे बसली, पगडी-टोपी न काढता बसली, गुडघे न दुमडता उतरली आणि थट्टा हळूहळू मावळली. डोळ्यांची सवय ही उपयोगाच्या मागून येते, असा या दोन मोटारींचा धडा आहे.

वाटेची साक्ष

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता आक्षी, नागाव, चौल या गावांच्या जणू अंगणांतूनच जातो. एका अंगास नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गडगे, दुसऱ्या अंगास घरांच्या ओट्या आणि समोरून वळणावर येणारी एस. टी. अशा वेळी मोटारीची शक्ती किती, यापेक्षा तिचा कोपरा नेमका कोठे संपतो हे चालकाला कळणे अधिक मोलाचे ठरते. गोलाईदार मोटारीचे नाक चालकाच्या नजरेआड खाली उतरलेले असते. चौकोनी मोटारीच्या बॉनेटची कड त्याला बसल्या जागेवरून दिसते. उभ्या बाजू आणि मोठ्या काचा यांमुळे गडग्यापासून किती बोटांचे अंतर उरले, याचा अंदाज येतो. उंच बसणीवरून गडग्यापलीकडचे वळणही थोडे आधी दृष्टीस पडते. ज्या वाटेवर दिवसातून चार वेळा मोटार मागे घ्यावी लागते, तेथे हे गुण किरकोळ नव्हेत.

वेगाचा मुद्दाही येथे खोक्याच्या बाजूने साक्ष देतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरांना जो विरोध असेल, त्याच्या सव्वासहा पट विरोध ताशी १०० किलोमीटरांना होतो. मात्र किनाऱ्यावरील वाटांवर ताशी तीस-चाळीस किलोमीटर हाच सहसा प्रामाणिक वेग असतो. काशीदचा घाट, मुरूडची पेठ, बोर्ली पंचतन ते दिवेआगर ही वाट, यांपैकी कोठेही वाऱ्याला चिरून जाणारे नाक असण्याचा फारसा लाभ नाही. त्या वेगाला इंधन खाते ते मोटारीचे वजन, चाकांचे घर्षण आणि पुनःपुन्हा थांबणे-निघणे.

सामानाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. भाद्रपदात पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांतून घरोघरचे गणपती निघतात. मूर्ती आडवी ठेवता येत नाही. ती पाटावर ताठ बसूनच प्रवास करते. उतरत्या टपाच्या मोटारीत मागच्या बसणीवर मूर्ती ठेवली की मुकुट छताला टेकतो आणि यजमानाचा जीव मुकुटात अडकतो. चौकोनी टपाखाली देव सुखाने बसतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या विणलेल्या माळा एकावर एक दाबून चालत नाही. त्यांना उंची लागते. नारळाची पोती, श्रीवर्धनची सुपारी, बर्फात घातलेली मासळीची पेटी, लग्नाची भांडी यांपैकी एकही वस्तू आरेखनकाराच्या वक्ररेषेस अनुसरून घडविलेली नाही. पेटी चौकोनी असते आणि तिला चौकोनी जागा मानवते.

याच किनाऱ्यावर अनेक प्रवासांत जमीन मध्येच संपते. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी आणि बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेश्वी अशी मोटारी वाहून नेणारी जंगल जेटीची फेरीबोट आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोठी रो-रो बोट येते. उताराच्या फळीवरून बोटीत शिरताना ज्या मोटारीचे नाक लांब आणि जमिनीलगत असते ती घासते. आखूड नाकाची आणि उंच पोटाची मोटार निमूटपणे चढते. दक्षिणेकडील गावांतून आजारी माणसाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे, तर खाडी ओलांडावी लागते किंवा डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. अशा वेळी रुग्णाला वाकवून, दुमडून आत घालावे लागू नये, त्याने बसणीवर सरळ टेकावे आणि शेजारी एकाने त्याला धरून बसावे, एवढे ज्या मोटारीत जमते तिच्या रूपाबद्दल घरात पुन्हा चर्चा होत नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. छपरे उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पाण्याचे पिंप, पत्रे, ताडपत्री, धान्य आणि माणसे हे सारे एकाच वेळी हलवावयाचे प्रसंग अशा दिवसांत येतात. सपाट टप आणि मोकळी पाठ यांचे मोल त्या दिवसांत ज्यांना कळले त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

वारा, पत्रा आणि टक्कर

तथापि खोक्याचा कैवार घेताना त्याचे दोष झाकणे योग्य होणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि मुंबई व रायगड यांमधील अंतराचा हिशेबच पालटला. सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरांची मुभा आहे. वर सांगितलेला सव्वासहा पटीचा हिशेब तेथे मोटारमालकाच्या खिशावर लागू होतो. उभे नाक आणि उभी पाठ हवेत मोठा खड्डा पाडत जातात आणि त्या खड्ड्याची किंमत इंधनात मोजावी लागते. शिवाय समुद्रावरचा आडवा वारा उंच, सपाट बाजूवर शिडासारखा आदळतो. उंच मोटारीचा गुरुत्वमध्यही वर असतो. त्यामुळे वेगात एकाएकी वळविली असता ती अधिक कलते. जो मनुष्य आठवड्यातून पाच दिवस सेतूवरून ये-जा करतो आणि वर्षातून दोनदा गावी मूर्ती आणतो, त्याने केवळ मूर्तीच्या मुकुटाकडे पाहून मोटार घेणे शहाणपणाचे नाही.

दुसरा दोष पत्र्याचा. मोठा सपाट पत्रा दिसावयास भक्कम असतो, पण त्याच्या अंगी ताठपणा थोडा असतो. घडी घातलेला कागद उभा राहतो आणि सपाट कागद लवतो, तसेच हे आहे. कौले काढून घातलेल्या पत्र्याला नागमोडी का असते, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावयास नको. म्हणून चौकोनी मोटारीच्या दारांवर दिसणाऱ्या कडा आणि पन्हाळी सर्वस्वी नटवेपणाच्या नसतात; पत्र्याला बळ देण्यासाठीही त्या असतात. खाऱ्या हवेचा गंज मात्र गोल-चौकोन असा भेद करीत नाही. तो सांध्यांत, दाराच्या तळाशी आणि पोटाखाली शिरतो. तेथे उपयोगी पडते ते गोड्या पाण्याने पोट धुण्याचे नेम आणि रंगाखालचे अस्तर. दालनात हे दोन्ही दिसत नाहीत.

तिसरा आणि सर्वांत गंभीर मुद्दा टकरीचा. रणगाड्यासारखे दिसणे आणि रणगाड्यासारखे वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या एप्रिल २०२४ मधील चाचणीत 'बोलेरो निओ'ला पाचांपैकी एकच तारा मिळाला. उलट २०२५ मध्ये आलेल्या 'किया सिरॉस' या तशाच चौकोनी, चार मीटरांच्या आतील मोटारीला भारत एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. दोन्ही संस्थांच्या कसोट्या तंतोतंत एक नाहीत, हे ध्यानात घेऊनही एवढा निष्कर्ष निघतोच की, दोष चौकोनाचा नव्हे. प्रवाशांभोवतीची पोलादी चौकट कशी बांधली आहे, पट्टे आणि हवेच्या पिशव्या कोणत्या बसणींना दिल्या आहेत, यावर जीव अवलंबून असतो. उपयुक्ततेचा अर्थ डिकीचे लिटर आणि बसणींची संख्या एवढाच घेणाऱ्या ग्राहकाने ही बाब पहिल्या ओळीत लिहून ठेवली पाहिजे. घरच्या सर्व माणसांना बसविणारी मोटार त्यांना सुखरूप उतरवीत नसेल, तर ती सोयीची कशी?

रूप कोठून येते

देखणेपणा आणि उपयोग यांना वादी-प्रतिवादी म्हणून उभे करण्याची रीत या किनाऱ्याची मुळात नाही. येथल्या होडीची उंच नाळ आज चित्रांत सुंदर दिसते. ती उंच केली गेली लाट फोडण्यासाठी. येथल्या जुन्या घराची उतरती पाखी आणि खाली ओढलेली पडवी पाहून पाहुणे हरखतात. तो उतार आला मुसळधार पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकण्यासाठी. गडग्याच्या दगडाला कोणी नक्षी काढली नाही, तरी शेवाळलेल्या गडग्याइतकी शोभा नव्या संगमरवरी कुंपणाला येत नाही. अशा वस्तूंचे रूप कामातून वाढलेले असते आणि काम बदलेपर्यंत ते जुने होत नाही.

मोटारींच्या इतिहासातही असे दाखले आहेत. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे पिएर बुलांजे यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या अभियंत्यांना सांगितले होते की, दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन जाणारी आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडी न फोडणारी मोटार करा. १९४८ मध्ये 'टूसीव्ही' लोकांपुढे आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या डब्यासारख्या रूपाची यथेच्छ टवाळी झाली. ती १९९० पर्यंत तयार होत राहिली आणि आज संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. इटलीत जॉर्जेतो ज्युजारो यांनी १९८० मध्ये फियाटसाठी 'पांडा' रेखाटली ती सपाट काचा आणि सपाट पत्रे वापरून. स्वस्त, साधी आणि कोणत्याही कामाला तयार अशी ती असावी, म्हणून त्यांनी तिची तुलना जीनच्या तुमानीशी केली होती. आपल्याकडेही जीपच्या सपाट नाकाला कोणी कुरूप म्हटले नाही. आणि अलिबाग-पेण भागात वर्षानुवर्षे माणसे, टोपल्या आणि शाळेची मुले वाहणाऱ्या विक्रम-मिनिडोर रिक्षांच्या सौंदर्याची चौकशी करण्याइतका वेळ तर कोणालाच नव्हता.

पण येथेच सावध राहणे आवश्यक आहे. साधेपणाला मान मिळू लागला की साधेपणाचा वेष विकणारे दुकानही उघडते. आजच्या बाजारात चौकोन ही सोय न राहता शोभा होऊ लागली आहे. चाकांभोवती काळ्या प्लास्टिकचे जाड काठ येतात. टपावर आडव्या कांबी येतात, पण त्यांच्यावर किती वजन ठेवावे हे विचारले की विक्रेता पुस्तिका चाळू लागतो. चाके मोठी आणि त्यांवरील रबर पातळ होत जाते. खड्ड्यात ते रबर आधी फुटते. मागचा खांब जाड केल्याने बाहेरून भारदस्तपणा येतो आणि आतून मागचे दिसेनासे होते. बॉनेट उंच केले की समोर रांगणारे मूल दिसत नाही. रूप खोक्याचे, पण खोक्याचे गुण नाहीत, असा हा व्यवहार आहे. गोलाईदार मोटार निदान आपण नटलो आहोत हे लपवीत नाही.

या वेषाचा परिणाम किनाऱ्यावर दर सुटीत दिसतो. ओहोटीला उघडी पडलेली विस्तीर्ण पुळण आणि डोंगर चढण्याचा आव आणणारी मोटार यांची गाठ पडली की चालकास मोह आवरत नाही. चार मीटरांच्या आतील बहुतेक मोटारींची केवळ पुढचीच दोन चाके इंजिनाच्या बळाने फिरतात. ओल्या वाळूत ती रुतली की भरती कोणाची वाट पाहत नाही. मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली मोटार पुढे जन्मभर तक्रार करीत राहते. हा दोष चालकाचा खराच. परंतु जिच्या अंगी जे बळ नाही त्याची जाहिरात जिच्या कपाळावर लिहिलेली आहे, त्या मोटारीचा त्यात काहीच वाटा नाही असे म्हणता येणार नाही. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या ज्या पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालावयास येतात, तेथे तर चाकांची ही हौस केवळ मालकालाच महाग पडते असे नाही.

लांबी मोजली, रुंदी राहिली

या सगळ्या चर्चेत एक माप कोणीच काढीत नाही. कायद्याने लांबी बांधली, इंजिन बांधले. रुंदी मोकळीच सोडली. जपानने आपल्या चिमुकल्या मोटारींची रुंदीही बांधली होती. आपल्याकडे १९९९ मध्ये आलेली 'वॅगन आर' सुमारे दीड मीटर रुंद होती. 'टीयूव्ही ३००' १.८ मीटरांच्या घरात पोहोचली आणि चार मीटरांच्या आतील आजच्या अनेक चौकोनी मोटारी त्याच मापाच्या आहेत. लांबीचे दार बंद झाले तेव्हा ऐसपैसपणाने रुंदीची खिडकी शोधली. आरसे त्याच्याही बाहेर.

हे तीस सेंटिमीटर दालनात सुखद वाटतात; मागे तिघे खांदे न आक्रसता बसतात. परंतु एकपदरी रस्त्याची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर धरली जाते. दीड मीटरच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या तर पाऊण मीटर जागा शिल्लक राहते. दोघांनी थोडे सांभाळले की काम भागते. अठराशे मिलिमीटरांच्या दोन मोटारी आल्या की उरतात जेमतेम पंधरा सेंटिमीटर आणि त्यात आरसे मावत नाहीत. मग एकाला गडग्यापर्यंत मागे जावे लागते किंवा गटारात चाक घालावे लागते. वाड्यांमधल्या पाखाड्या आणि आळ्या तर या प्रमाणाहूनही अरुंद आहेत. शनिवार-रविवारी नागाव-काशीदच्या वाटेवर जो खोळंबा होतो त्याला मोटारींची संख्या कारणीभूत आहे हे खरे. त्यांची फुगत गेलेली अंगलटही आहे.

आणि या अंगलटीचे बिल केवळ वाहनधारकाच्या नावे येत नाही. मोटारी रुंदावल्या की रस्ता रुंद करण्याची मागणी होते. रस्ता रुंदावला की गडगा मागे जातो, गडग्याबरोबर पोफळीची एक ओळ जाते, ओटी जाते, पारावरचा वड जातो. रस्ते होऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. रुग्णाला, मासळीला आणि शाळेच्या मुलांना चांगला रस्ता हवाच. पण तो गावाच्या गरजेने किती रुंद व्हावा आणि मोटारीच्या मिरासदारीने किती, हा भेद करण्याची वेळ आलेली आहे. करसवलतीची व्याख्या पुन्हा केव्हा तपासली जाईल, तेव्हा लांबीच्या शेजारी रुंदीचाही एक रकाना असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. सवलतीचा हेतू लहान मोटारीला उत्तेजन देण्याचा असेल, तर लहानपण एकाच बाजूने मोजून कसे चालेल?

निवाडा

तोवर निर्णय ग्राहकालाच करावयाचा आहे. रूप पाहूच नये, असा सोवळा उपदेश त्याला करण्यात अर्थ नाही. दाराशी उभी असलेली मोटार हा कुटुंबाच्या कष्टांचा दृश्य पुरावा असतो. ती आपल्याला आवडावी, शेजाऱ्यांनीही तिला बरे म्हणावे, या इच्छेत उणे काही नाही. मन न रमलेली मोटार माणूस नीट राखीतही नाही. मात्र आवडीची पाळी दुसरी असावी. आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला तीत बसवून उतरवून पाहावे. आपल्या आळीची रुंदी आणि मोटारीची आरशांसकट रुंदी एकाच टेपने मोजावी. टकरीच्या चाचणीचा निकाल विचारावा आणि उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याचा चहा पिऊन उठावे. वर्षातले किती किलोमीटर सेतूवर आणि किती वाडीत, याचा प्रामाणिक हिशेब करावा. या परीक्षांतून ज्या दोन-तीन मोटारी उतरतील, त्यांतली जी डोळ्यांना भावेल ती खुशाल घ्यावी.

या क्रमाने निवड झाली तर रायगडच्या किनाऱ्यावर बहुधा खोकेच जिंकेल. पण ते आखूडाबरोबर अरुंदही असलेले, आतून भक्कम आणि बाहेरून कसलाही आव न आणणारे खोके असेल. तशी मोटार आजच्या दालनात शोधूनच काढावी लागते. ती सहज मिळू लागली, तर नागावच्या आळीत समोरासमोर आलेल्या दोघांनाही गडग्याला हात न लावता आपापल्या घरी जाता येईल.